जीपवाल्यांची रामीबाई

तुले बी आधी तिच्याच घरी नेलं ना? मले माहीतच होतं. तांड्यात कोणी बी नवं माणूस आलं की त्याची चप्पल आधी रामीबाईच्या दारात निघते. तू त आपल्याच जिल्ह्यातली, यवतमाळच्या लोहाऱ्याची पोरगी, साधना नाव तुहं, कॉलेजात शिकून राह्यली. तू तरी इकडून सुरू करशील असं वाटलतं. बरं, बस. चहा तिच्याकडे झालाच असंन. माह्याकडे बी घे, अन् नाई म्हणू नको, नाई त मी काही सांगणार नाई.

तू म्हणते, तुले पाहुण्यायचा अभ्यास करायचा आहे. बाहेरचे लोक गाव पाहाले येतात, मंग त्या गावाचं काय होते, असा. अवो माय, असा बी अभ्यास असते? मंग बरोबर माणसाकडे आली. रामीबाई तुले काही सांगणार नाई, ती नुसती हसते. मी हंसाबाई, तिची धाकटी जाऊ. तिचा नवरा भीमसिंग अन् माहा नवरा फुलचंद सख्खे भाऊ. दोन्ही घरायच्या मधात एकच भिंत. तिनं भाजीले फोडणी देली की मले इकडे ठसका लागते. तिच्याबद्दल माह्याएवढं कोणाले माहीत नाई, अन् तिच्यावर माह्याएवढं कोणी जळत बी नाई. हे बी लिहून घे, लाजू नको.

रामीबाई पुसदकडच्या तांड्यातली. मी लग्न होऊन इथं आली तेव्हा ती आधीच इथली राणी होती. म्हणजे घरात काही नव्हतं, पण राणी. उंच, काळी, दात पांढरेशुभ्र, अन् डोक्यावर पाण्याचे दोन गुंड असले तरी चालताना मान हलायची नाई. बिडी ओढते. तिखट असं खाते की पाहणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येते. लेकरू झालं नाई तिले. दुसरी कोणी असती त सासूनं जिणं हराम केलं असतं. हिच्याबद्दल सासू चारचौघीत सांगे, "माही रामी गाते, बस झालं." मले बबिता झाली, त बारशाच्या दिवशी सासू काय म्हणे? "रामी, हिले तू गाऊन निजव." मी बाळंतीण खाटेवर, अन् पाळण्याची दोरी तिच्या हातात. तेव्हापासून माह्या पोटात जे पेटलं ते काही विझलं नाई.

गाणं म्हणजे ढावलो. तुमच्यात तो नसते. आमच्या बंजाऱ्यायत बाई रडते ते सुरात रडते. पोरगी सासरी निघाली की एकेका बाईच्या गळ्यात पडते, अन् दोघी मिळून ढावलो म्हणतात. जे मनात येईन ते तिथल्या तिथं जोडायचं अन् रडत रडत म्हणायचं. लग्नातच असं नाई. बहिणी-बहिणी बऱ्याच दिवसानं भेटल्या तरी आधी गळ्यात पडून ढावलो, मंग पाणी, मंग गप्पा. ते काही दुःखाचं रडणं नसते. पण कोरले, म्हणजे आमच्याबाहेरच्या माणसाले, ते समजत नाई. त्याले वाटते घरात कोणी मेलं.

रामीबाईचा ढावलो ऐकाले दूरदूरच्या तांड्यातून बोलावणं यायचं. लग्न ठरलं की पोरीले शिकवाले तीच लागे. ती गाऊ लागली की दगडासारखे बुढे बी फेट्यानं डोळे पुसायचे, मी सोता पाहिलं आहे. अन् माहा आवाज असा की सासू म्हणे, "हंसा, तू आपली मनातल्या मनात रडत जाय."

मंग आली ते कापसाची वर्षं. दोन हजार सहाच्या मागंपुढं. त्या वर्षायच्या बातम्या तुले माहीत आहेत, मी त्या उगाळत नाई. पण बातम्यायच्या मागं मागं लोक आले. आधी पेपरवाले, मंग टीव्हीवाले, मंग कॉलेजचे पोट्टे-पोट्ट्या, मंग मुंबई-दिल्लीचे, अन् गोरे बी. पांढरकवड्याले उतरायचे, सकाळी टिपेश्वरच्या जंगलात वाघ पाहाले जायचे अन् दुपारी आम्हाले पाहाले यायचे. वाघ कधी दिसे, कधी नाई. आम्ही दिसायचोच.

त्यायले फिरवे संजय, आमच्या नायकाचा, म्हणजे तांड्याच्या मुखियाचा, पुतण्या. जीप त्याची सोताची, इंग्रजी मोडकंतोडकं पण बोलायची हिंमत भारी. तो आधी पाहुण्यायले मुकुटबनच्या रस्त्यावर इंदूबाईकडे नेत जाय. तिचा नवरा कर्जापायी खरंच त्या साली गेलता. बुद्ध वस्तीतली शांत बाई. पहिली जीप आली तेव्हा तिनं पाणी देलं, सारं सांगितलं. दुसरी आली तेव्हा बी सांगितलं. मंग एक जण तिले म्हणे, "बाई, जरा दारात उभ्या राहून पुन्हा डोळे पुसा, तिथं उजेड चांगला आहे." तिनं दार लावलं ते लावलंच. संजय खिडकीतून मनवून राह्यलता, त आतून म्हणे, "माहा माणूस एकदाच मेला, भाऊ. जाय आता."

आता भरली जीप घेऊन पोट्ट्यानं जावं कुठं? आणली तांड्यात, चहा पाजतो म्हणून. अन् नेमकी त्याच दिवशी रामीबाईची बहीण आलती पुसदहून, मिरचीचं पोतं घेऊन. दोघी अंगणात गळ्यात पडून मोठ्यानं ढावलो म्हणून राह्यल्या. जीपवाले उतरले अन् जागच्या जागीच थांबले. एक बाई तोंडावर हात ठेवून रडाले लागली. बाकीच्यायनं कॅमेरे काढले. संजयनं पाहिलं, समजून गेला, अन् तोंडातून एक शब्द काढला नाई. लबाड कुठला!

पुढं पेपर आला. नायकानं पारावर वाचून दाखवला. फोटोखाली छापलतं, कापसानं उजाडलेल्या घरातला आक्रोश. सारा तांडा हसून हसून लोळला. भीमसिंग बिडी पेटवत इचारे, "कोणाचं घर उजाडलं रे?" मी हसली नाई. फोटोत दोघी बहिणींच्या मागं एक कोपर दिसत होतं. ते माहं होतं. तेवढंच.

तेव्हापासून जीप सरळ तिच्या दारात. कोणी ब्लँकेट दे, कोणी साडी, कोणी सूर्यावर चालणारा कंदील. अन् ती बया सारं वाटून टाके! बिस्किटाचा पुडा आला की आधी माह्या घरी. त्याचा त मले अजून राग येई. ठेवून घेतलं असतं त मले चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

मले काय फेटिया नव्हती? आरसे लावलेला घागरा, कांचळी, ओढणी, सारं होतं, अन् माह्या आईच्या हातचं भरतकाम तिच्यापेक्षा बारीक. पण साड्या नेसायचा जमाना आला, अन् मी ते सारं भांडेवालीले देऊन स्टीलचा गंज घेतला. रामीबाईनं आपलं पेटीत जपून ठेवलतं, आता जीप आली की तेच घाले. कायले ठेवलं, तिलेच माहीत. मंग मी माहेरी गेली, आईची फेटिया मागून आणली, अंगात घातली अन् जीप आली तशी तिच्या बाजूले जाऊन उभी राह्यली. संजय म्हणे, "काकी, तुम्ही जरा मागं व्हा. तुमच्या तोंडावर दुःख दिसत नाई."

दुःख दिसत नाई! अरे मेल्या, इथं आतून जळून जळून कोळसा झाला, अन् तुले दिसत नाई? रामीबाई हसून म्हणे, "ये हंसा, माह्या गळ्यात पड, दोघी मिळून रडू." मी म्हणलं, तुहं तूच रड, अन् घरात गेली.

पुढच्या हिवाळ्यात एक पाहुणी परत आली, तोंड फुगवून. तिनं मागच्या वेळी ढावलो टेपमध्ये भरून नेलता, अन् आमच्याच कोण्या शिकलेल्या माणसानं तिले त्याचा अर्थ सांगितलता. ढावल्यात रामीबाई बहिणीले इचारून राह्यलती, तुही म्हैस व्याली का, पाऊस झाला का, अन् यंदा मिरची एवढी कमी काहून आणली. संजयचं तोंड पाहाण्यासारखं झालतं. पाहुणीले कसंतरी वाटेले लावलं, अन् पळत रामीबाईकडे आला. "काकी, आता खऱ्या दुःखाचं काही म्हणा. एक ओळ टाका. घरचा धनी गेला, आता मी चूल कोणासाठी पेटवू."

रामीबाई म्हणे, "असं कसं बोलू रे? माणूस बसला आहे पुढं."

"कोरच ऐकणार आहे, काकी. नुसतं तोंडानं म्हणायचं."

तिनं भीमसिंगकडे पाहिलं. तो म्हणे, "म्हण. मी काही मरत नाई."

झालं! जीपचा धुरळा दिसला की भीमसिंग उठून घरामागच्या निंबाखाली जाऊन बसे. तिथं शेंगा फोडून खात खात आपलं मरण ऐके. जीप गेली की मोठ्यानं इचारे, "रामी, झालो का मी मरून? येऊ का जेवाले?" सारे हसत. अन् मजा पाय, आमच्यात नवरा गेला की बाई केसातल्या चांदीच्या घुगऱ्या काढून ठेवते. रामीबाईनं त्या दिवशी काढाले हात लावला, त संजय अंगावर धावला. घुगऱ्या काढल्या त फोटोत काय चमकणार? पाहुण्यायले नवरा मेलेला पायजे अन् घुगऱ्या बी पायजे. हे फक्त आम्हालेच दिसे, अन् आम्ही कायले सांगतो?

पण मी भिंतीच्या अलीकडून कान देऊन ऐकत असायची, म्हणून सांगते. तिचा ढावलो बिघडून राह्यलता. आधी दर वेळी नवा असे. आता तेच, तसंच, त्याच जागी हुंदका, त्याच जागी ते धनी गेल्याची ओळ. कॅमेरा खाली झाला की अर्ध्या शब्दावर थांबे अन् संजयले इचारे, "झालं?" मले आतून गोड वाटे. म्हणलं, आता समजंन सर्व्यायले, काय राणी आहे ते.

सारं सोसलं असतं, पण बबिताचं नाई. पोरगी माही, पण दिवसभर भिंतीच्या तिकडे. तिची वेणी रामीबाई घाले. ताप आला की हाक "मोठी याडी" अशी, अन् मंग आठवण झाली त "याडी", म्हणजे आई, म्हणजे मी. एक डाव मी तिले मारलं, त रुसून तिकडे जेवली अन् तिकडेच निजली. मी रात्रभर ताट झाकून बसली.

बबिताचं लग्न ठरलं दिग्रसकडच्या तांड्यात. आमच्या तांड्यातली रीत अशी, की नवरी साऱ्या बायांच्या गळ्यात पडत पडत आखरीले आईच्या गळ्यात येते, अन् तिथून उठून थेट गाडीत बसते. आखरी गळा आईचा. मले दुसरं काही नको होतं, बाई. ब्लँकेट नको, फोटो नको. तो एक गळा पायजे होता, साऱ्या तांड्याच्या पुढं, रामीबाईच्या पुढं.

मी भिंतीवरून तिले स्पष्ट सांगितलं, "बबिताले ढावलो मी शिकवीन."

"शिकव नं," ती म्हणे. "तुहीच पोरगी आहे."

मी शिकवू लागली, त पोट्टी खो खो हसे. हसता हसता भिंतीले कान लावून बसे, कारण तिकडे रामीबाई भाकरी थापता थापता गुणगुणत असे. माह्यासमोर शिकली ती, पण तिच्याकडून. मी तिले बजावलं, "हे पाय, कोणाच्या बी गळ्यात पड, पण आखरीले माह्या. तिथून थेट गाडीत. समजलं?"

"हो याडी," म्हणे.

लग्नाच्या दिवशी नवरी निघायच्या वेळेले, जे नको तेच झालं. संजयच्या दोन जीपा आल्या. अस्सल बंजारा लग्न दाखवतो म्हणून बोलला असंन मेला. पाहुणे मांडवात शिरले, खुर्च्यांवर उभे राह्यले. बबिता एकेकीच्या गळ्यात पडत रामीबाईपाशी आली. रामीबाईनं तिले पोटाशी धरलं अन् सूर लावला. काय सूर तो! नवरदेवाकडच्या बाया बी पुढं सरकल्या. तेवढ्यात तिच्या समोर चार कॅमेरे वर झाले. अन् तिची जीभ आपसूक सवयीच्या वाटेनं गेली. त्याच जागी हुंदका, अन् त्याच जागी, साऱ्या मांडवाच्या पुढं, नवरीले गळ्यात धरून, "घरचा धनी गेला, आता मी चूल कोणासाठी पेटवू."

भीमसिंग नवा फेटा बांधून पुढंच उभा होता, त्याचं तोंड पांढरं पडलं. रामीबाईले समजलं तेव्हा उशीर झालता. तिनं दोन्ही हातानं आपलं तोंड दाबलं. जीपवाले तेवढे खूश, फटाफट फोटो काढून राह्यलते.

नवरदेवाची आत्या उठली. मोठी कडक बाई. "कोण मेलं या घरात? नवरीच्या कानात असं बोलणं पडलं. हे घेऊन ती आमच्या उंबऱ्यात येणार का?" त्यायच्याकडचे बुढे एकमेकात बोलाले लागले. कोणी म्हणे, आज पोरगी नेऊ नका.

आता तू मले इचार, मले काय वाटलं. मले पयले आनंद झाला. खोटं कायले बोलू? इतक्या वर्षांनी ती तोंडावर आपटली होती. पण आपटाले तिले माह्याच पोरीचं लग्न सापडलं! असा राग आला मले, असा राग आला, की मी बबिताचा हात धरून ओढली, गळ्यात घेतली अन् ढावलो सुरू केला. माह्या त्या घोगऱ्या आवाजात. तांडा चाट पडला.

मनातल्या मनात नाई रडली मी. सारं बाहेर काढलं. म्हणलं, "अगं माह्या जावे, तुहा नवरा कसा गं मेला, शेंगा खाऊन निंबाखाली मेला. जीप आली की मेला, जीप गेली की जेवला. एवढ्या डाव मेला अन् भाकरी काही कमी झाली नाई गं. तुह्या घुगऱ्या चमकल्या, माहं कोपर तेवढं छापलं. माह्या पोरीची वेणी तू घातली, माह्या पाळण्याची दोरी तू ओढली, अन् आज तिच्या कानात जीपवाल्यांचं मढं टाकलं. भीमसिंग, हाल रे थोडा, दाखव इहिणीले की तू जिता आहे."

भीमसिंग खरंच हातवारे करून दोन पावलं नाचला. आधी एक बुढी हसली. मंग सारा मांडव हसाले लागला, रडता रडता हसाले लागला. आत्याबाईनं इचारलं, त आमच्या नायकानं तिले जीपची सारी हकिगत सांगितली. तिनं पदर तोंडाले लावला, तिचे खांदे हलत होते. म्हणे, "उचला नवरी. या घरात कोणी मेलं नाई, नुसते येडे आहेत."

माहा ढावलो चालूच होता. आता तो थांबेचना. हसणं सरलं, तरी मी रडून राह्यलती, अन् बाया माह्यासंग रडून राह्यलत्या. जीपवाले सारे माह्याकडे वळलते. कोणी खाली बसून, कोणी खुर्चीवर चढून, माहेच फोटो. एका गोऱ्या बाईच्या डोळ्यातून धारा लागलत्या.

गाडीनं भोंगा वाजवला. बबिता माह्या गळ्यात होती, तिचा ओला गाल माह्या मानेले लागलता. मी मनात म्हणलं, झालं, आता इथून थेट गाडीत. तेवढ्यात ती माह्या कानात म्हणे, "याडी, सोड. मोठी याडी एकटी बसली."

मी सोडलं नाई. अजून घट्ट धरलं. तिनं माही बोटं आपल्या पाठीवरून एकेक करून सोडवली. रागानं नाई, जपून. रामीबाई मांडवाच्या खांबाशी तोंडावर ओढणी घेऊन बसलती. बबिता तिच्या पुढ्यात बसली अन् तिच्या गळ्यात पडली. सूर नाई, शब्द नाई. दोघी नुसत्या हलत होत्या. तिकडे एक बी जण पाहत नव्हता. सारे कॅमेरे माह्यावर होते, अन् माही पोरगी तिच्याजवळून उठून तशीच गाडीत बसली.